फोटो टाकणाऱ्यास उतरवण्यात येईल

मी चुकीच्या शेतात जेवलो. नुसता जेवलो नाही, आंबील दुसऱ्यांदा मागून घेतली, यजमानांना सोलापूरची शेंगाचटणी भेट दिली, आणि हात धुता धुता त्यांना म्हणालो, "तुमच्याबद्दल जी कल्पना केली होती, अगदी तसेच निघालात!" त्या गृहस्थांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं. मीही त्यांना.

आणि ज्यांच्याकडं जेवायला म्हणून मी सोलापूरहून निघालो होतो, ते कंट्रोलर तिथून चारदोन बांध पलीकडं उपाशीपोटी माझी वाट बघत बसले होते.

कंट्रोलर म्हणजे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळी नोकरी बसस्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागं गेली. कुठली गाडी कुठं लागली हे भोंग्यावरून सांगायचं, एवढंच सरकारी काम. पण ह्यांना तेवढ्यावर भागत नसे. "तेरखेड्याला फटाके आणायला निघालेल्यांनी विडी विझवून गाडीत बसावे," अशी पुस्ती ते पदरची जोडत. येडाईच्या यात्रेत म्हणे, "प्रवाशांनी लेकरं मोजून घ्यावीत, जास्त भरल्यास चौकशी खिडकीवर जमा करावीत." निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, मग त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. ओळखीच्या ओळखीतून माणसं चढत गेली, त्यात मीही. नाव, 'आज काय जेवलात'. रोज रात्री प्रत्येकानं आपण काय जेवलो ते शब्दांत लिहायचं. फोटो चालणार नाही. फोन करायचा नाही. देवाचे, फुलांचे, सुप्रभातीचे निरोप तर अजिबातच नाहीत.

फोटोवर त्यांचा भारी राग. "डोळ्यांनी जेवणारा माणूस अर्धा उपाशी," असं त्यांचं वचन होतं. नियम मोडला की ते माणसाला ग्रुपमधून काढत. पण काढलं असं म्हणत नसत, 'उतरवलं' म्हणत. आणि गुन्हा बघून उतरवायची जागा ठरायची. सुप्रभात पाठवणाऱ्याला पुढच्या थांब्यावर. कुणी नुसतंच 'मस्त होतं' लिहिलं तर फाट्यावर. मी एकदा इंटरनेटवरून उचललेला थालीपिठाचा फोटो टाकला, तेव्हा सूचना आली: "सदर प्रवाशास येडशीच्या जंगलात उतरवण्यात आले आहे. पायी येऊ शकतात." परत चढायचं तर तीन जेवणांचं वर्णन त्यांना स्वतंत्रपणे पाठवावं लागे. तपासणी कडक. "वांगं होतं म्हणता. काटेरी का बिनकाट्याचं? देठ ठेवला होता का? चोखला का?"

आणि सगळ्यांना एक प्रश्न ठरलेला. शेवटचा घास कशाचा घेतला? मी एकदा विचारलं, पहिल्या घासाचं का नाही विचारत? तर उत्तर आलं, "पहिला घास भुकेचा असतो, भुकेला दगड गोड. शेवटचा घास खरा जेवणाचा."

आता माझी पंचाईत सांगतो. आमचं घर मूळचं तुळजापूरचं, पण मी नोकरीसाठी सोलापुरात एकटा खोली घेऊन राहायचो आणि मेसचा डबा खायचो. त्या डब्यातली डाळ इतकी निर्मळ, की तळाला कोरलेलं मेसवाल्याचं नाव डाळीतून वाचता यायचं. पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे लिहिलं: 'डाळ, भात, पोळ्या, बटाटा.' कंट्रोलरांचं उत्तर आलं, "हे जेवण आहे का हजेरी?"

झालं, त्या दिवसापासून मी खोटं जेवायला लागलो. मेसची डाळ पुढ्यात ओढायची आणि लिहायचं पुरणपोळीबद्दल. माणूस उपाशी असला की त्याला काय भाषा सुचते! पोळीवरचं तूप कसं कडेकडेनं पळत गेलं, कटाच्या आमटीचा तवंग फुंकरीनं कसा बाजूला सारावा लागला, सगळं लिहायचो. "पुरणात वेलची का जायफळ?" कंट्रोलर विचारत. "जायफळ," मी ठोकून द्यायचो. "किसलेलं का कुटलेलं?" "किसलेलं." मग बऱ्याच वेळानं उत्तर यायचं: "पोहोचलं." एवढंच. बाकीच्यांना खमंग, झकास असले शेरे मिळत, मला 'पोहोचलं'. मला ते फार आवडायचं. त्या नादात मी जेवणाचे आकडेही फुगवत नेले. ग्रुपवर माझी ख्याती अशी झाली, की हा माणूस लग्नाला आला तर आचाऱ्यानं दुसरी चूल मांडावी. प्रत्यक्षात मी सव्वा पोळीचा धनी.

ग्रुपात लातूरच्या एक बाई होत्या. त्यांनी एकदा जेवणाऐवजी उतू गेलेल्या दुधाचं लिहिलं. करपलेल्या दुधाचा वास घरभर कसा हिंडला ते. कंट्रोलर त्यांच्या मागंच लागले. तो वास आधी नाकाला येतो का घशाला? गोडसर असतो का कडू? कपड्यांना लागतो का? आठवडाभर चाललं. बाई कावल्या. आम्ही बाकीचे आपसांत हसलो, म्हातारपणी माणसाला काय काय लागतं म्हणून.

मग एका थंडीत ती सूचना आली. "सर्व प्रवाशांना कळवण्यात येते की, येत्या येळवसला आपली गाडी येरमाळ्यात मुक्कामी आहे. सर्वांनी प्रत्यक्ष जेवायला आमच्या शेतात यावे. रिकाम्या पोटी यावे. पोट भरून येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या धाराशिव-लातूरकडं गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं करायचं, आत पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग ओल्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं दिवस मावळेपर्यंत खायचं. सगळ्या ग्रुपनं कंट्रोलरांच्या सूचनेला आंगठे दाखवले. आंगठ्यांची नुसती रांग लागली. एकाच्याही ध्यानात आलं नाही की आपण सगळे ह्याच मुलखातले, प्रत्येकाचं स्वतःचं शेत, प्रत्येकाचे स्वतःचे पाहुणे. येळवसला आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात जायचं म्हणजे दिवाळीला स्वतःच्या घराला कुलूप लावण्यासारखं. बिनशेतीचा असा ग्रुपात मी एकटाच.

आम्हा बिनशेतीवाल्यांची येळवस लहानपणापासून दुसऱ्याच्याच बांधावर. जो बोलावेल त्याच्याकडं बसायचं, हे अंगवळणी पडलेलं. तीच सवय घात करून गेली.

सकाळी सोलापूरहून गाडीत बसलो. अंगात नवा सदरा, पिशवीत शेंगाचटणी. आयुष्यात पहिल्यांदा मी मोबाईलमधल्या माणसांना भेटायला निघालो होतो. ह्या लोकांना माझं पोट पाठ होतं, तोंड माहीत नव्हतं. कंट्रोलरांच्या फोटोच्या जागी लाल गाडीचं चित्र होतं. मी मनानंच त्यांना उंचापुरा बांधा, झुबकेदार मिशा आणि भोंग्यासारखा आवाज देऊन टाकला होता.

येरमाळ्याला उतरून कळंबच्या रस्त्यानं चालायला लागलो. खूण सांगितली होती: डाव्या हाताला दोन बाभळी, त्यांच्या मागं कोप, कोपीवर शाल. त्या रस्त्याला डाव्या हाताला बाभळीच बाभळी, प्रत्येकीच्या मागं कोप आणि येळवस असल्यामुळं प्रत्येक कोपीवर शाल. हे माझ्या लक्षात येण्याआधीच ज्वारीतून आवाज आला, "आवो पाव्हणं! या की, किती उशीर!"

वळून बघतो तर उंचापुरा माणूस, झुबकेदार मिशा, भोंग्यासारखा आवाज.

मी धावतच गेलो, पाया पडलो. त्यांनी पाट दिला, पत्रावळ मांडली. बरीच माणसं बसली होती. मला वाटलं, हाच आपला ग्रुप. चटणी यजमानांच्या हातात दिली. त्यांनी ती तिथंच फोडून पंगतीत फिरवली. मग मी ग्रुपच्या शिस्तीप्रमाणं एकेक पदार्थ खात त्याचं मोठ्यानं वर्णन करायला लागलो. भज्जीत ओली तूर कशी दाताखाली येते, उंड्याला बाजरीचा कसा खरपूस वास आहे. लोक कौतुकानं ऐकत होते. एक आजी शेजारणीला म्हणाली, "टीव्हीवालं हाय वाटतं."

हात धुऊन परत पाटावर टेकलो, इतक्यात माझा फोन वाजला. पडद्यावर नाव: कंट्रोलर. फोनबंदीचा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता. मी पडद्याकडं बघितलं. मग समोर बघितलं. समोरच्यांचे दोन्ही हात भज्जीत होते. तरीही मी त्यांना म्हणालो, "तुमचा फोन येतोय मला."

"माझा? माझा तर घरी चार्जिंगला हाय," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावला. पलीकडून बारीक, किनरा आवाज आला. "कुठवर आला?"

"तुमच्या समोरच बसलोय."

 मग आवाज म्हणाला, "माझ्या समोर बैल हाय."

कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी मिशीवाल्या यजमानांना खरं काय ते सांगितलं, क्षमा मागितली. ते पोट धरून हसले. "आवो, येळवसला शेतात आलेल्याला कोण, कुठला म्हणून इचारत्यात व्हय? आमी समजलो, धाकट्या जावयाचे सायेब असतील. कंट्रोलरचं शेत त्ये काय पलीकडं. पर ताक पिऊन जावा."

ताक पिऊन निघालो. येळवसला बांध ओलांडणं म्हणजे टोलनाका. फक्त इथं घेत नाहीत, देतात. हात जोडत, पोटावर हात ठेवून दाखवत चाललो होतो, तरी एका बाईंनी खिरीची वाटी तोंडाला लावली आणि दुसऱ्यांनी उंडा हातात कोंबून तिथंच संपवायला लावला. नाही म्हणायची सोय नव्हती. कंट्रोलरांचा बांध आला तेव्हा माझे हात रिकामे होते आणि पोट भरलेलं. पाहुण्यानं नेमकं उलटं यायचं असतं.

बांधावर एक किरकोळ, बुटके गृहस्थ उभे. डोक्याला मफलर, मिशीचा पत्ता नाही. माझ्या आणि त्यांच्या मधे पाण्याचा पाट होता, निसरडा. मला बघताच त्यांनी खिशातून शिट्टी काढून फुंकली आणि दोन्ही हात वर केले. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं घ्या... अजून... बास!" गाडी फलाटाला लावावी तसं त्यांनी मला पाटावरून पार केलं, आणि गाडीच्या पत्र्यावर मारावी तशी पाठीवर दोनदा थाप मारली. एवढ्या मायेनं मला कुणी कुठं लावून घेतल्याचं आठवत नाही.

कोपीसमोर लांबलचक सतरंजी अंथरली होती. तिच्यावर पत्रावळींची ओळ, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. सगळ्या रिकाम्या.

"बाकीचे?" मी विचारलं.

"गाड्या लेट हायत," कंट्रोलर म्हणाले.

कोपीतून त्यांच्या कारभारीण, काकू, बाहेर आल्या. "लेट कशाच्या? रद्द हायत म्हणा की. ज्याची त्याची येळवस हाय आज. म्या तवाच म्हनलं, मोबाईलातली माणसं जेवाया येत न्हाईत. तर म्हणे, आंगठे दाखवलेत समद्यांनी." मग माझ्याकडं बघून जरा नरमल्या. "तुमी आलाव ते बरं केलंत. सकाळपासनं अन्नाला शिवले न्हाईत. एक बी आलं नसतं तर वरीसभर माझ्याशी बोलले नसते."

कंट्रोलर बैलाला नैवेद्य दाखवायला गेले तेव्हा काकू जवळ येऊन हळू बोलल्या. "तुमाला म्हणून सांगते, बाकीच्यांस्नी लिवू नका. त्यास्नी चव कळत न्हाई. वास बी न्हाई. त्या सातीत ताप आला, तवापासनं. डाक्टर म्हणले, येईल. दोन वर्सं झाली. मागं चुलीवर दूध जळून कोळसा झालं, शेजारी बसून होते, पत्त्या न्हाई. त्या दिशी लेकरावानी रडले. म्हनून तर त्यो ग्रुप. आदी ताट घेत्यात, मग तुमचं समद्यांचं वाचत वाचत जेवत्यात. तुमचं तर दोनदोन डाव वाचत्यात."

 मेसच्या डाळीपुढं बसून मी ज्या पोळ्या लिहीत होतो, त्या इथं येरमाळ्यात कुणीतरी खरोखर खात होतं. 'पोहोचलं' म्हणजे तेच.

कंट्रोलर आले. मला मधल्या पत्रावळीवर बसवलं, स्वतः अगदी समोर बसले. काकूंनी भज्जीचा डोंगर वाढला. माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. कंट्रोलरांनी आपल्या पानाला हात लावला नाही. "तुमी आदी," ते म्हणाले, आणि भोंगा सुरू व्हायची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखे माझ्या तोंडाकडं बघत बसले.

पोटात तिळाला जागा नव्हती. मी घास घेतला, गिळला आणि नेहमीच्या थाटात सुरुवात केली. "वा! हिरवीगार भज्जी, जणू सगळं शिवार एका घासात..."

"ह्ये ग्रुपवरचं झालं," कंट्रोलर म्हणाले. "तोंडातलं सांगा."

"म्हणजे?"

"रोज पुरणपोळी खाणारा माणूस मला बी कळतो की. खोटं तर खोटं, पर गरमगरम वाढत होता, म्हनून गप बसलो. आज समोर हाव. आज तोंडात काय हाय तेवढं सांगा."

पुढं वर्षभरानं कंट्रोलरांची चव परत आली. थोडीथोडी, आधी हिंगाची, मग कांद्याची. पूर्ण आली त्या दिवशी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "ही गाडी आता डेपोत जात आहे. सर्वांनी आपापल्या सामानासह उतरून घ्यावे," आणि एकेकाला उतरवलं. मला सगळ्यात शेवटी, आणि जागा लिहिली होती, 'घरापाशी'. आता मी सोलापुरातच बरं जेवतो. लग्न झालंय, डाळही डाळीसारखी असते. पण रात्री हात धुऊन झाले की अजून फोनकडं बघतो. शेवटचा घास कशाचा घेतला, हे आता कुणी विचारत नाही. इतरांच्या ताटांचे फोटो मात्र ढिगानं येतात.

तर त्या दुपारी मी दुसरा घास घेतला. या वेळी सावकाश चावला, आणि जे होतं ते बोललो. "ओली तूर कोवळी आहे, दाताखाली फुटते. मेथी थोडी कडवट. चिंच पुढं येते, लसूण नंतर, घशात. आणि..."

"आन काय?"

"मीठ नाही. म्हणजे असून नसल्यासारखंच."

काकूंचा वाढता हात हवेत थांबला. कंट्रोलर एकदम ताठ झाले. "मीठ न्हाई?"

"आंबिलीतही नाही," मी आंबिलीचा एक घोट घेऊन उत्साहात पुढं सांगून टाकलं.

ते काकूंकडं वळले. "दोन वर्सं मी इचारतोय, मीठ बरोबर हाय का? दोन वर्सं तू म्हणतीस, झकास हाय!"

 कंट्रोलर स्वतः उठले, कोपीतून मिठाचा डबा घेऊन आले, पानावर चिमूट सोडली, माझ्याकडं पान सरकवलं. "आता?" "अजून थोडं." "आता?" "आता बरोबर." मग ते जेवायला बसले. असं जेवले, की वाटावं माझ्या जिभेवरचं उचलून आपल्या घशात घालतायत. मधेच डोळे मिटत, "लसूण आला," म्हणत, आणि मी, "आला," म्हणायचो. रिकाम्या पत्रावळींकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही. मी भरल्या पोटावर तिसरी वाटी आंबील रिचवत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, आज खरं बोलून आपल्या हातून एक तरी पुण्य झालं.

काकूंनी मिठाचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"बीपी हाय त्यास्नी. डाक्टरनं मीठ तोडलंय. चव गेली तर गेली, येवढं एक बरं झालं म्हनून दोन वर्सं जपलं म्या. तुमास्नी दोन घास न्हाई जपलं. का वो, निस्तं जेवून गप बसणारं पाव्हणं मोबाईलात मिळत न्हाईत का?"